महजर आणि कौले : हुणसूर परिसरातील वळिवाची वादळे आणि त्यांच्या नोंदीचा इतिहास

आपत्तींच्या कित्येक जागतिक सूचींत ६ जून १८८२ या दिनांकापुढे मुंबईच्या एका चक्रीवादळाची नोंद असते आणि मृतांचा आकडा एक लाख असा दिलेला असतो. त्या दिवसांच्या मुंबईतील वृत्तपत्रांत अशा संहाराचा मागमूस नाही, आणि अलीकडच्या अभ्यासकांनी हे वादळ दंतकथेत जमा केले आहे. न झालेल्या वादळाला तारीख आहे, स्थळ आहे, मृतांची संख्या आहे. एका सूचीतून दुसरीत उतरत जाण्याइतके दीर्घ आयुष्यही त्याला लाभले आहे. याच्या नेमकी उलट स्थिती म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूर तालुक्यात दिसते. तेथे एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलल्यावर उठणारी वादळे कोणत्या ना कोणत्या गावातील घरांची छपरे उचकटत असतात. ही वादळे घडतात याविषयी संशय नाही. परंतु त्यांना नाव नसते, आखलेला मार्ग नसतो, बहुधा वेगाचा आकडाही नसतो. मागे राहतात ती फुटलेली कौले, दुमडलेले पत्रे आणि तालुका कचेरीतील एक कागद. प्रस्तुत निबंध या कागदाविषयी आणि त्या कौलांविषयी आहे. अशा प्रदेशात वादळाचा माग काढण्याचे साधन वाऱ्यापेक्षा छप्पर हेच ठरते, आणि छपराचे ते वाचन कोणत्या शब्दांनी केले जाते यावर वादळाचे कागदोपत्री अस्तित्व अवलंबून राहते, असे मला येथे दाखवायचे आहे.

लक्ष्मणतीर्थ नदीकाठचे हुणसूर म्हैसूरच्या पश्चिमेस सुमारे ४५ किलोमीटरवर, कोडगूमार्गे मंगळूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ८०० मीटरच्या आसपास. पश्चिमेला कोडगूचे डोंगर, नैर्ऋत्येला नागरहोळेचे अरण्य, पूर्वेला म्हैसूरचे उघडे पठार अशी त्याची चौकट. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात विदर्भ-मराठवाड्याकडून कर्नाटकाच्या अंतर्भागातून दक्षिणेस वाऱ्यांच्या विसंगतीचा एक पट्टा वारंवार तयार होतो. समुद्रांवरून आलेली बाष्पयुक्त हवा तेथे एकत्र येते, तापलेली जमीन तिला वर ढकलते आणि तिसऱ्या प्रहरी ढगांचे मनोरे उभे राहतात. पाऊस सुरू झाला की थेंबांबरोबर ओढली गेलेली, बाष्पीभवनाने गार व जड झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे फाकते. छपरे उडतात ती मुख्यतः या खाली आलेल्या हवेने. टेट्सुया फुजिता या जपानी-अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात या कोसळत्या हवेची उकल केली, आणि चार किलोमीटरांच्या आत आटोपणाऱ्या तिच्या प्रकाराला स्वतंत्र संज्ञा दिली. एका गावाची छपरे जावीत आणि शेजारच्या गावात पानही हलू नये, याचे कारण या लहान व्याप्तीत आहे. चक्रीवादळ समुद्रावर दिवसेंदिवस वावरते म्हणून त्याचा पाठलाग शक्य होतो. हे वादळ अर्ध्या-पाऊण तासात जन्मून संपते. नकाशावर त्याची रेषा काढायची म्हटली तर एका टिंबापलीकडे हाती काही लागत नाही.

भाषांनी या वादळाकडे कसे पाहिले, हे तुलनेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठीत ‘वळीव’, ‘वावटळ’, ‘झंझावात’, ‘तुफान’, ‘सोसाट्याचा वारा’ असे शब्द आहेत. कानडीत ‘बिरुगाळि’ म्हणजे जोराचा, उग्र वारा. ‘सुंटरगाळि’ म्हणजे आपली वावटळ. ‘चंडमारुत’ हा संस्कृत शब्द आज चक्रीवादळासाठी राखून ठेवलेला. गारांच्या बाबतीत दोन्ही भाषांना दगडच आठवला आहे: कानडी ‘आलिकल्लु’मधील ‘कल्लु’ म्हणजे दगड, आणि मराठीतील ‘गार’ हा शब्द गारगोटीच्या दगडालाही चालतो. परंतु पूर्वमोसमी पावसाची जी नावे रूढ झाली, ती बहुतेक त्याच्या देणगीवरून पडलेली आहेत. कॉफीच्या मळेवाल्यांनी त्याला फुलोऱ्याच्या सरी म्हटले, कानडीत ‘हूमळे’ म्हणजे फूलपाऊस. भूगोलाच्या पुस्तकांतून आपल्याकडे ‘आम्रसरी’ आल्या. मराठी कवितेतला वळीवही सहसा मृद्गंध घेऊन येतो, घराचे आढे घेऊन जात नाही. बंगालीतील ‘कालबैसाखी’त काळाची भीती नावातच उतरली, तशी ती दख्खनच्या भाषांत उतरली नाही. नुकसानीचा सूर मराठीत आला तो ‘अवकाळी’ या शब्दातून, आणि तोही वृत्तपत्रांनी विशेषणाचे नाम करून टाकल्यावर. ‘अवकाळीने झोडपले’ हे वाक्य आता कोणालाही खटकत नाही. मात्र येथे एक अडचण आहे. वैशाखातला वळीव हा अकाली नसतो. तो आपल्या वेळीच येतो. त्याला अवकाळी म्हणणे म्हणजे दर वर्षी येणाऱ्या पाहुण्याला दर वर्षी अनपेक्षित ठरवणे होय.

शब्दांकडून कागदाकडे येताना म्हैसूरच्या इतिहासातील मराठीचे स्थान ध्यानात घ्यावे लागते. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीपासून या प्रदेशाच्या कारभारात मराठीचा वावर होता. हैदर-टिपूच्या राजवटीत आणि त्यानंतर १७९९ ते १८११ या पूर्णय्यांच्या दिवाणगिरीच्या काळात कानडीबरोबर मराठीही हिशेबाची व पत्रव्यवहाराची भाषा होती. शिरस्तेदार, हुजूर, कैफियत ही अरबी-फारसी घराण्याची शब्दावली दोन्ही भाषांनी कचेरीतच एकमेकींच्या शेजारी बसून वापरली. या शब्दावलीतील ‘महजर’ हा शब्द आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. ‘हाजिर’, ‘हजेरी’, ‘हुजूर’ यांच्याच अरबी धातूपासून तो आला आहे. त्याचा मूळ भाव ‘उपस्थिती’चा. मराठेशाहीत महजर म्हणजे गोतसभेपुढे चाललेल्या वादाचा, उपस्थितांच्या साक्षीने लिहिलेला निर्णय. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील १९५३च्या आपल्या ग्रंथात या महजरांचा सविस्तर अभ्यास केला आहे. आजच्या मराठीत महजर उरला आहे तो इतिहाससंशोधकांपुरता. घर पडले, झाड कोसळले, वीज पडली की महाराष्ट्रात तलाठी करतो तो पंचनामा. हुणसूरच्या तालुक्यात मात्र त्याच कामाला आजही ‘स्थळ महजरु’ म्हणतात. जो शब्द मराठीने दप्तरखान्यात ठेवून दिला, तो कानडीने फुटक्या कौलांखाली उभा केला आहे. शब्दांच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्यांनी साहित्यकृतींबरोबर अशा कागदांकडेही पाहायला हवे, असे मला वाटते.

महजरात जे हजर असते त्याचीच नोंद होते. वारा हजर नसतो; तो येऊन गेलेला असतो. त्याच्या वेगाची नोंद कोणी ठेवली होती काय, हा पुढचा प्रश्न. म्हैसूर संस्थानाने स्वतःचे हवामानखाते उभारले ते बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजचे प्राचार्य जॉन कुक यांच्या पुढाकाराने, १८९०च्या दशकाच्या आरंभी. बंगळूरबरोबर म्हैसूर, हासन व चित्रदुर्ग येथे वेधशाळा आल्या. एका देशी संस्थानाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. परंतु चार-पाच किलोमीटरांत आटोपणाऱ्या वादळासाठी ४५ किलोमीटरांवरचे वायुमापक म्हणजे दुसऱ्याच गावचा साक्षीदार. गावोगाव होते ते पर्जन्यमापक, आणि पर्जन्यमापकाला वाऱ्याची भाषा येत नाही.

गंमत अशी की जेथे वायुमापक नाही तेथे वाऱ्याचा वेग कसा ठरवावा, याचे शास्त्रीय उत्तरही अखेर छपरापाशीच येते. ब्यूफोर्टचे वाऱ्याचे कोष्टक मुळात गलबतांच्या शिडांवरून बेतलेले होते. जमिनीवरच्या खुणांशी त्याची सांगड जॉर्ज सिम्पसन यांनी १९०६ मध्ये घातली, आणि त्याच वर्षी ते भारतीय हवामान विभागात सिमल्यास रुजू झाले. या कोष्टकात नववा अंक, म्हणजे ताशी सुमारे ७५ ते ८८ किलोमीटरांचा वारा, ओळखायचा तो धुराड्यांच्या टोप्या आणि छपरावरच्या पाट्या उडाल्या यावरून. फुजितांचे १९७१चे चक्रवातांचे मापनही वेगापेक्षा घरांच्या पडझडीवर उभे आहे. म्हणजे छपरावरून वादळ वाचणे ही खेड्यातील अडाणी रीत नसून विज्ञानाचीही रीत आहे. फरक एवढाच की सिम्पसन यांच्यासमोरचे छप्पर इंग्लंडातले होते. हुणसूरच्या छपरावर तोच अंक लावायचा तर आधी ते छप्पर कशाचे होते हे विचारावे लागते.

या परिसरातील सामान्य घर दीर्घकाळ मातीच्या भिंतींचे, वर गवताचे किंवा कुंभाराने घडवलेल्या अर्धगोल कौलांचे होते. कानडीत कौलाला ‘हेंचु’ म्हणतात. भाकरी भाजण्याच्या खापरालाही तोच शब्द चालतो. गावठी कौल म्हणजे ‘नाड हेंचु’, आपली नळ्याची कौले. ही कौले एकावर एक नुसती ठेवलेली असतात, कशाने बांधलेली नसतात. त्यामुळे नवव्या अंकाच्या कितीतरी आधी ती सरकतात, माकडांनीही सरकतात. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरच्या जेप्पू भागात पहिला कौल-कारखाना काढला. तेथे निघू लागलेल्या सपाट, खाचेत खाच अडकणाऱ्या कौलाचे कूळ आल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंच्या १८४१च्या एकस्वापर्यंत जाते. आपण ज्याला मोठ्या जिव्हाळ्याने ‘मंगलोरी कौल’ म्हणतो आणि कोकणी घराचे चित्र ज्याच्या लाल रंगाशिवाय पुरे होत नाही, ते असे फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरून आलेले आहे. मंगळूर-म्हैसूर रस्ता हुणसूरवरूनच जातो, तेव्हा घाट चढून आलेल्या या कौलाला येथे फार वाट वाकडी करावी लागली नसेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिमेंटचे पत्रे आले, मग लोखंडी पत्रे.

या बदलाचा वादळाशी संबंध साध्या हिशेबाने कळतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ७२ किलोमीटरांचा वारा, म्हणजे सेकंदाला २० मीटर, दर चौरस मीटरवर सुमारे २४ किलो वजनाइतका दाब देतो. छपराच्या मागल्या पाख्यावर, आढ्यापाशी आणि वळचणीला हा दाब खाली दाबणारा नसून वर ओढणारा असतो. कोपऱ्यांत तो याहून वाढतो. दार उघडे असेल तर आतली हवाही छपराला खालून ढकलते. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरते आणि चौरस मीटरला पंधराएक लागतात, म्हणजे छपराचे वजन सदतीस-अडतीस किलो. त्याच क्षेत्राचा सिमेंटचा पत्रा पंधरा किलोच्या आसपास, लोखंडी पत्रा पाच किलोच्या आत-बाहेर. तेव्हा कौलारू छप्पर अशा वाऱ्यात कडेची, कोपऱ्यांची पाच-पन्नास कौले गमावते आणि बाकीचे आपल्या भाराने टिकते. पत्र्याचे छप्पर आकड्यांच्या बळावर टिकते. एक आकडा सुटला की पाठोपाठ सारा पाखा जातो, कधी वाशांसकट. भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागात या प्रदेशासाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ३३ मीटर धरलेला आहे. मुंबईला तो ४४ आहे. कागदावर म्हैसूरचा मुलूख शांत वाऱ्यांचा आहे. त्यातही ३३ मीटरांच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ६६ किलोंवर जातो, ही गोष्ट पत्रा ठोकणाऱ्या गवंड्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

मराठीत म्हण आहे की घर फिरले की घराचे वासेही फिरतात. वळिवात क्रम उलटा असतो: आधी वासे फिरतात.

आता महजराकडे परत येऊ. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये मिळतात. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये, मात्र नुकसान किमान १५ टक्के असेल तरच. हा १५ टक्क्यांचा उंबरठा आपल्या दृष्टीने निर्णायक आहे. चाळीस चौरस मीटरांच्या कौलारू छपरावर सहाशे कौले असतात. त्यांतील चाळीस उडाली तर छपराचेच नुकसान सात टक्क्यांखाली राहते. घराचे त्याहून कमी. त्या चाळीस भोकांतून रात्रभर आत येणारे पाणी धान्यावर, अंथरुणावर, मातीच्या भिंतीच्या माथ्यावर पडते, त्याला टक्केवारी नाही. पत्र्याचे छप्पर गेले तर ते पंधरा टक्क्यांचा उंबरठा सहज ओलांडते. याचा परिणाम असा की कागदपत्रांतून वादळे मोजू पाहणाऱ्याला पत्र्यांच्या काळात वादळे एकाएकी वाढल्यासारखी दिसतील. वारा वाढला असेल वा नसेल. छप्पर बदलले आहे, हे निश्चित. कौलांच्या युगातील वादळे उंबरठ्याच्या अलीकडेच राहून गेली.

दुसरा पेच नावाचा आहे. केंद्राच्या याच निकषांत आपत्तींची जी यादी आहे, तीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे. गडगडाटी वादळाचा वारा स्वतंत्रपणे नाही. राज्यांना निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम राज्यविशिष्ट आपत्तींसाठी वापरण्याची मुभा आहे, पण ती मुभाच. म्हणजे एकाच ढगातून गारा पडल्या तर ती आपत्ती, आणि त्याच ढगाने गारांवाचून छप्पर नेले तर शब्द शोधावा लागतो. चंडमारुताला यादीत जागा आहे, बिरुगाळिला नाही. तिसरी गोष्ट, ‘घर’ कशाला म्हणायचे ही. हुणसूर हा तंबाखूचा तालुका; ऊन हवेवर पाने वाळवण्यासाठी शेतांतून उंच, अरुंद इमारती असतात, त्यांना तेथे ‘ब्यारन्’ म्हणतात. घरावरचे कौल आणि ब्यारनवरचे कौल एकाच वाऱ्याने उडते, परंतु निकषांत घर, झोपडी आणि घरालगतचा गोठा आहे, ब्यारन नाही. छपराचा इतिहास लिहिताना सरकारी कागद हा एवढ्या चाळण्यांतून गाळून आलेला असतो.

पुराशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. ऑगस्ट २०१९ मध्ये लक्ष्मणतीर्थाचे पाणी हुणसूरच्या वस्तीत शिरले. पूर भिंतीवर आपली रेघ सोडून जातो; ती रेघ मोजता येते, छायाचित्रात येते, मंत्र्यांना दाखवता येते. त्या वर्षीच्या महापुरानंतर कर्नाटक शासनाने पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख रुपये जाहीर केले. वाऱ्याला रेघ नसते. किनाऱ्यावरच्या वाऱ्याला निदान नाव मिळते: ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस ताशी ११० ते १२० किलोमीटरांच्या वेगाने जमिनीवर आलेल्या वादळाचे ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने दिलेले होते. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना नावे देण्याची प्रथा २००४ पासूनची. निसर्गाने रायगडातील छपरे उद्ध्वस्त केली तेव्हा महाराष्ट्र शासनाने पूर्ण पडलेल्या घराची मदत दीड लाखापर्यंत नेली. हे योग्यच झाले. परंतु एका नामांकित वादळाने एका दिवसात केलेली हानी आणि अनामिक वादळांनी पन्नास वैशाखांत थोडी थोडी करून केलेली हानी यांची बेरीज कोणी मांडलेली नाही, आणि उपलब्ध कागदांवरून ती मांडताही येणार नाही.

१९८८ मध्ये दुष्काळ-निरीक्षण कक्ष म्हणून सुरू झालेल्या कर्नाटकाच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने पुढे ग्रामपंचायतींच्या पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक आणि होबळीच्या पातळीवर हवामानकेंद्रे उभारली. होबळी म्हणजे काही गावांचा गट. जॉन कुक यांच्या काळाशी तुलना करता ही जाळी कितीतरी बारीक आहे, तरी चार किलोमीटरांचे वादळ तिच्या दोन गाठींमधून निसटू शकते. छपरांची जाळी याहून बारीक आहे: प्रत्येक घर हे एक केंद्र.

आणि या केंद्राला एकेकाळी वाचकही होता. कोकणात आणि देशावरच्या कौलारू गावांत मृगापूर्वी घर ‘शाकारले’ जाई. शाकारणी म्हणजे सारी कौले उतरवून, झाडून, फुटकी वेगळी काढून, रिपा तपासून पुन्हा बसवणे. या कामात प्रत्येक कौल हातातून जात असे, आणि यंदा किती गेली, कोणत्या पाख्यावरची गेली, वारा कोणत्या अंगाने आला होता, हे शाकारणाऱ्याला ठाऊक असे. त्याने ते लिहून ठेवले नाही. लिहिण्याची गरज त्याला वाटली नाही. मंगळूरकडचे बहुतेक कारखाने गेल्या काही दशकांत बंद पडले, छपरांवर पत्रे आले आणि शाकारणी हा शब्दही शहरी वाचकाला कोशात पाहावा लागतो. तरीही हुणसूरकडच्या किंवा रत्नागिरीकडच्या जुन्या छपराचे कौल उलटून पाहिले तर त्याच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते, आणि निरनिराळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत म्हणून एका पाख्यावर सहसा एकाच नावाची कौले घातली जातात. एखाद्या पाख्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, वळचणीच्या दोन-तीन ओळींत, दुसऱ्याच नावाची कौले आढळली आणि त्यांच्या सांध्यांत चुना भरलेला दिसला, तर तेथे एका वादळाची नोंद आहे. अशा ठिगळांची गाववार टिपणे अजून करता येतील. जेथे पत्रे चढलेले नाहीत तेथेच, आणि तीही लवकर.